मृत झाडाला पाणी घातल्याबद्दल

सार्वजनिक उद्यानाच्या मागच्या कोपऱ्यात एक मोठं झाड उभं होतं, आणि ते उभं असण्याला कोणाचाही आक्षेप नव्हता.

उद्यान-अधीक्षकांच्या सरकारी घराची मागची भिंत त्या कोपऱ्याला लागून होती. भिंतीतलं एक दार बागेत उघडायचं. सकाळची कामं उरकली की अधीक्षकांच्या सासूबाई त्या दारातून वेताची खुर्ची ओढत बाहेर यायच्या, झाडाखाली बसायच्या आणि दिवे लागेपर्यंत बागेवर देखरेख करायच्या. माळ्याने खुरपं कसं धरावं, पहारेकऱ्याने जांभई कधी द्यावी, फिरायला आलेल्या जोडप्याने एकमेकांपासून किती लांब बसावं, या सगळ्याबद्दल त्यांची ठाम मतं होती. ती सगळ्या बागेला ऐकू जातील अशा आवाजात त्या देत. अशी दिवसभराची मतं बागेत खर्ची पडली की घरी नेण्यासारखं फारसं काही शिल्लक राहत नसे.

अधीक्षकांचा संसार सुखाचा होता तो या झाडामुळे. एकदा झाडाखाली मुंग्या झाल्या म्हणून सासूबाई आठवडाभर घरात बसल्या होत्या. त्या आठवड्यात अधीक्षकांना कळलं की आपण चहा चुकीच्या हाताने पितो, बूट चुकीच्या क्रमाने घालतो आणि झोपेत नको तितका श्वास घेतो. शेवटी त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून मुंग्यांची वारुळं बुजवली होती.

त्या झाडाला नावं पुष्कळ होती. मुख्य माळी त्याला ‘कोपऱ्यातलं’ म्हणे. पहारेकरी ‘घोड्याचं झाड’ म्हणे, कारण पूर्वी तिथे एक घोडा बांधत असत असं त्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं. सासूबाई ‘आमच्याकडचं’ म्हणत, कारण त्यांच्या माहेरी अगदी असंच एक होतं. तिथे त्याला काय म्हणत असं विचारलं, तर ‘झाड म्हणत, आणखी काय म्हणणार’ असं उत्तर मिळे. या नावांवरून बागेत बाचाबाची होई. जगभर हेच होतं, आणि म्हणूनच शहाण्या माणसांनी शास्त्रीय नावाची सोय करून ठेवलेली आहे. एका झाडाला एकच नाव, दोन शब्दांचं, कोणीच बोलत नाही अशा भाषेतलं. ते नाव पत्र्याच्या पाटीवर लिहून झाडाला टांगलेलं होतं. कोणालाही त्याचा उच्चार येत नसल्यामुळे त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. ते नाव इथे देण्यात अर्थ नाही. हे छापून तुमच्या हातात पडेपर्यंत ते बदललेलं असेल.

त्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि पाणीखात्याने बागेतल्या झाडांना नावानिशी पाणी द्यायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. आदल्या उन्हाळ्यात एकाच झाडाने तीन बोलीनावांवर तीनदा पाणी घेतलं होतं, आणि शेजारची तीन झाडं एकाच नावाची निघाल्यामुळे एकाच्या पाण्यात भागवत होती. तेव्हा आता बोलीनावं बंद. शास्त्रीय नाव दाखवा आणि टँकर घ्या.

कोपऱ्यातल्या झाडाला टँकर सुरू झाला. सासूबाईंनी टँकरवाल्याला नळी कशी धरावी हे सांगितलं. सगळं सुरळीत चाललं असताना एके दिवशी वनस्पतिशास्त्र संस्थेकडून अधीक्षकांना कळवण्यात आलं की त्या झाडाचं नाव बदललेलं आहे. जुन्या पाटीवरचं नाव यापुढे वापरू नये. नवीन नाव सोबत जोडलं आहे.

अधीक्षक प्रामाणिक माणूस होते. त्यांच्या जागी दुसरा असता तर त्याने पत्र टेबलाच्या खणात टाकून खण लावून घेतला असता. अधीक्षकांनी ते पाणीखात्याला कळवलं.

पाणीखात्यातला कारकून अतिशय सभ्य होता. त्याचा कोणावर राग नव्हता, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नसे. त्याने अधीक्षकांना खुर्ची दिली, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि जुनं नाव काढावं लागेल असं सांगितलं.

“काढण्याची कारणं तीन आहेत, साहेब. तोडलं, चोरीला गेलं किंवा मेलं. काय लिहू?”

“पण ते उभं आहे,” अधीक्षक म्हणाले.

“उभं आहे हे काढण्याचं कारण होऊ शकत नाही.” कारकुनाने थोडा विचार केला. “चोरीला गेलं लिहिलं तर तुमची चौकशी लागेल. तोडलं लिहिलं तर तुम्हाला अटक होईल. मेलं लिहितो. मेलेल्याचा कोणाला त्रास नसतो.”

अधीक्षकांनी त्याचे आभार मानले. मग नवीन नावावर पाणी कधी सुरू होईल असं विचारलं. कारकून म्हणाला, नवीन नाव म्हणजे नवीन लागवड. नवीन लागवडीला रोज एक तांब्या पाणी मिळतं, मात्र रोप गुडघ्याच्या वर गेलेलं नसावं.

“तुमचं केवढं आहे?”

“फांद्या आमच्या कौलांवरून पलीकडे गेल्यात.”

“मग थोडं खाली आणा,” कारकून आपुलकीने म्हणाला. “मी बघतो काही करता येतं का.”

टँकर बंद झाला. झाडाने आधी काही दाखवलं नाही, पण मग शेंड्याकडची पानं गळायला लागली, आणि सासूबाईंच्या मांडीवर उन्हाचे कवडसे पडायला लागले. त्यांनी खुर्ची एकदा सरकवली, दुसऱ्यांदा सरकवली, आणि रात्रीच्या जेवणाला मुलीला सहज म्हणाल्या, “पुढच्या खोलीत खिडकीपाशी जागा बरी आहे, नाही का? जावईबापूंची खुर्ची तेवढी हलवावी लागेल.”

अधीक्षकांच्या हातातला घास तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि थेट वनस्पतिशास्त्र संस्था गाठली.

संस्थेच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत दोन टेबलं होती, आणि मधे वाळवलेल्या फांद्यांचं एक भलंमोठं कपाट. कपाटाच्या एका बाजूला एक प्राध्यापक बसत. त्यांना जगात जिथे एक झाड दिसे तिथे चार वेगळ्या जाती दिसत. विद्यार्थी त्यांना फोडेसर म्हणत. दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापिका बसत. त्यांना जिथे चार जाती दिसत तिथे एकच झाड दिसे. त्या जोडेबाई. दोघं नवराबायको होते. सकाळी एका छत्रीखालून येत, संध्याकाळी एका छत्रीखालून जात, आणि मधल्या वेळेत एकमेकांची मतं खोडणारे लेख लिहीत.

अधीक्षकांनी आपली अडचण सांगितली. नाव मुळात बदललंच का, असं विचारलं. जोडेबाईंनी ते फार सोपं करून सांगितलं. रांगेत पिशवी ठेवून नंबर लावतात ना, तसंच हे. ज्याने झाडाला पहिलं नाव देऊन ते छापलं, त्याचा नंबर पहिला. मागून आलेला कितीही मोठा विद्वान असला तरी त्याने मागे उभं राहायचं. तुमच्या पाटीवरचं नाव एका मोठ्या विद्वानाने दिलेलं होतं. आता एका जुन्या ग्रंथात सापडलं, की त्याच्याआधी एका जहाजावरच्या डॉक्टराने तेच झाड पाहून दुसरं नाव छापून ठेवलं होतं. डॉक्टरची पिशवी आधीची.

“आणि डॉक्टरच्याही आधी कोणी ठेवलं असेल तर?”

“तर त्याचं. फक्त एक साल ठरलेलं आहे, त्याच्या आधीची नावं धरत नाहीत.”

“म्हणजे त्याआधी झाडं नव्हती?”

“झाडं होती,” फोडेसर कपाटापलीकडून म्हणाले. “खिडकी उघडली नव्हती.”

अधीक्षकांना हे पटलं, आणि पटल्यामुळे ते अधिकच घाबरले. त्यांनी हात जोडून विनंती केली, की नाव कुठलंही असो, पण हे तेच झाड आहे, जुन्या नावाचं आणि नव्या नावाचं एकच, आणि ते जिवंत आहे, एवढं दोघांनी मिळून लिहून द्यावं. यावर फोडेसर उठून कपाटाला वळसा घालून आले. ते म्हणाले, असं लिहून देता येणार नाही. नाव मुळात तुमच्या झाडाचं नाहीच. डॉक्टरने तोडलेली एक फांदी साता समुद्रापलीकडच्या कपाटात कागदाला चिकटवून ठेवलेली आहे. नाव त्या फांदीचं. तुमचं झाड त्या फांदीसारखं आहे असं फार तर एखाद्याचं मत असू शकतं.

“मग तुमचं मत काय?”

घरात वाटणीचा विषय निघावा तसं दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“माझ्या मते ते तसं नाही,” फोडेसर म्हणाले. “तुमच्या झाडाच्या पानाला मागच्या बाजूने बारीक लव आहे. त्या फांदीला नाही. तुमची जात वेगळी आहे. जगात बहुधा एकच.”

“अहो, पान जून झालं की लव येते,” जोडेबाई शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या कानांवर गेल्या काही वर्षांत केस आले. मी तुम्हाला वेगळी जात म्हटलं का?”

फोडेसरांनी कान चाचपले आणि म्हणाले की तो पुरावा छापील नाही.

शेवटी दोघांनी दोन वेगवेगळी प्रमाणपत्रं दिली. अधीक्षकांनी निघताना भीत भीत विचारलं, की इतक्या शिकलेल्या माणसांचं एका झाडाबद्दल एकमत का होत नाही. दोघांनाही या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं. जोडेबाई म्हणाल्या, एकमत आहेच की. खोड, मूळ, पान, बी, सगळं आम्ही दोघांनी मिळून पाहिलं आहे, त्यावर काडीचा वाद नाही. एक जात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ती रेघ तेवढी ओढायची राहिली आहे.

“ही रेघ झाडावर असते?”

“झाडावर कशाला असेल? झाडाला का स्वतःचं नाव वाचायचंय?”

कारकुनाने दोन्ही प्रमाणपत्रं वाचली आणि दोन्ही स्वीकारली. त्याला शास्त्राबद्दल आदर होता. फोडेसरांच्या मते झाड जगात एकच आहे, तेव्हा दुर्मीळ वनस्पती म्हणून त्याभोवती काटेरी तारेचं कुंपण घालणं भाग होतं. जोडेबाईंच्या मते ते जिकडेतिकडे आढळणारं साधं झाड आहे, तेव्हा त्यावर पाणी खर्च करण्याचं कारण नव्हतं. म्हणून झाडाला कुंपण मिळालं आणि पाणी मिळालं नाही.

कुंपण घालणारे आले तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना उठायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मी तुमच्या आधीपासून इथे आहे. जोडेबाईंचा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता, तो त्यांना उपजतच ठाऊक होता. कुंपणवाल्यांनी वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांनी सांगितलं की दुर्मीळ वनस्पतीच्या परिसरात नैसर्गिकरीत्या जे काही आढळतं त्याला धक्का लावू नये. तेव्हा कुंपण सासूबाईंच्या बाहेरून घातलं गेलं. घराकडचं दार आत राहिलं म्हणून जेवणाखाण्याची आबाळ झाली नाही, पण बागेत येणारे लोक तारेपाशी थांबून ‘दुर्मीळ वनस्पती’ ही पाटी वाचायचे, मग सासूबाईंकडे पाहायचे, मग पुन्हा पाटी वाचायचे. मुख्य माळ्याने सांगितलं, की एका गृहस्थाने ही माणसाळलेली आहे का असं विचारलं होतं. हे अधीक्षकांनी घरात सांगितलं नाही.

पानं गळतच होती. अधीक्षकांनी मग स्वतः बादली उचलली. दुपारी बागेत कोणी नसताना ते न्हाणीघरातून बादल्या भरून मागच्या दाराने झाडाला घालायला लागले. सासूबाई बसल्या जागेवरून सूचना देत होत्या. त्यांचा आवाज बागेच्या फाटकापर्यंत जात असल्यामुळे हा प्रकार गुप्त राहिला नाही. अधीक्षकांना लेखी विचारणा झाली: मृत झाडाला पाणी घातल्याबद्दल खुलासा करावा.

अधीक्षकांनी खुलाशात लिहिलं की झाड जिवंत आहे, आणि पुरावा म्हणून एक हिरवं पान जोडलं. उत्तर आलं: पान तपासलं, ते ताजं आहे. मात्र त्या जागी असलेलं झाड मृत असल्याचं नोंदीवरून स्पष्ट होत असल्याने हे पान कुठून आणलं याचा वेगळा खुलासा करावा.

प्रकरण चौकशी समितीकडे गेलं. समिती प्रत्यक्ष जागेवर बसली. उन्हाचा कडाका असल्यामुळे अध्यक्षांनी टेबल घराच्या दाराने कुंपणाच्या आत, झाडाखाली घ्यायला लावलं. कागद उडू नयेत म्हणून सासूबाईंनी त्यांना एक दगड दिला, आणि तो कागदाच्या कोणत्या कोपऱ्यावर ठेवायचा हेही सांगितलं. अधीक्षकांनी वर बोट दाखवून म्हटलं की साहेब, हेच ते झाड. आपण त्याच्याच सावलीत बसलेलो आहोत.

“सावली आहे हे समितीला मान्य आहे,” अध्यक्ष घाम पुसत म्हणाले. “ती कोणाची आहे, एवढाच प्रश्न आहे.”

या प्रश्नाचा निकाल लावायला समितीने एक यंत्र मागवलं. यंत्राबरोबर एक तरुण शास्त्रज्ञ आला. त्याने आयुष्यात झाड वर मान करून पाहिलेलं नव्हतं. त्याची गरजही पडत नव्हती. त्याने पानाचा नखाएवढा तुकडा कापला, तो वाटून यंत्रात घातला, आणि निकाल सांगितला. फोडेसर आणि जोडेबाई दोघंही चुकत होते. झाड आजवर ज्या कुळात मानलं गेलं त्या कुळातलं नाहीच. दिसायला वड-पिंपळासारखं ऐसपैस असलं तरी रक्ताच्या नात्याने ते वेलींच्या कुळातलं आहे. कुळ बदललं, म्हणजे नावाचा पहिला शब्दही बदलला. फोडेसर आणि जोडेबाई यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच मिळून एक लेख लिहिला, तो या मुलाच्या विरुद्ध.

पाणीखात्यात वेलींसाठी वेगळे नियम होते. वेलीला पाणी देण्याआधी मांडव घातलेला असावा, आणि पाणी वेल जितकी मांडवावर चढेल तितकंच द्यावं. दोन माणसं बांबू आणि सुतळी घेऊन आली आणि त्यांनी झाडाच्या बुंध्याला टेकवून कमरेएवढा मांडव बांधला. मग एक मोजणीवाला येऊन दर सोमवारी झाड मांडवावर किती चढलं ते पाहून जाऊ लागला. झाड जागचं हललं नाही. मोजणीवाल्याने शेरा मारला: वेल सहकार्य करत नाही.

सासूबाईंची खुर्ची आता बुंध्याला अगदी टेकली होती. त्यापुढे सरकायला जागा नव्हती. पुढच्या खोलीच्या खिडकीला त्यांनी नवा पडदा शिवायला घेतला. अधीक्षकांच्या पत्नीने रात्री नवऱ्याला हळूच म्हटलं, “अहो, आई उद्या पडदा लावून बघणार आहे.” अधीक्षक डाव्या हाताने चहा प्यायचा सराव करत होते.

आणि अशा वेळी चांगली बातमी आली. साऱ्या जगाचे वनस्पतिशास्त्रज्ञ दर काही वर्षांनी एका ठिकाणी जमतात आणि नावांवर हात वर करून मतदान घेतात. त्यांनी ठरवलं, की जहाजावरच्या डॉक्टरचं नाव नियमाने बरोबर असलं तरी मोठ्या विद्वानाचं नाव सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे, तेव्हा खास बाब म्हणून तेच पुन्हा चालवावं. यंत्रवाल्या मुलाचं म्हणणं अभ्यासासाठी ठेवून घेतलं. थोडक्यात, झाडाला पहिलं नाव परत मिळालं.

अधीक्षक धावतच कारकुनाकडे गेले. कारकुनालाही मनापासून आनंद झाला. त्याने त्यांना पाणी दिलं, पंखा वळवला आणि म्हणाला की या नावाला रोज एक अख्खा टँकर मंजूर आहे, तो उद्यापासून सुरू. फक्त एक बारीक गोष्ट. या नावाचं जे झाड होतं ते मेलेलं आहे.

“ते मेलं नव्हतंच, मेलं असं तुम्हीच लिहिलंत.”

“मीच लिहिलं, म्हणून तर मला ठाऊक आहे. मेलेलं झाड परत जिवंत करण्याचा अधिकार मला नाही, साहेब. तो वर कोणाला असेल तर असेल.” कारकुनाने छताकडे पाहिलं. तो वरच्या मजल्याबद्दल बोलत होता की आणखी वरच्या, ते कळलं नाही. “तुम्ही असं करा. त्याच जातीचं एक रोप त्याच कोपऱ्यात लावा. नाव तेच, जागा तीच, टँकर चालू.”

“आणि जे उभं आहे ते?”

“त्याला आता कुठलंच नाव नाही. बिननावाची वस्तू बागेत ठेवता येत नाही. ती तोडून जागा मोकळी करावी लागेल.”

म्हणजे त्या झाडाचं रोप लावता यावं म्हणून ते झाड तोडायचं होतं. अधीक्षक घरी आले आणि झाडाखाली उभे राहिले. सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच कोणतीही सूचना दिली नाही. त्यामुळे अधीक्षकांना फारच वाईट वाटलं.

रोप लावलं गेलं. ते झाडाच्या बुंध्याशी, मांडवाच्या बांबूला बांधलं. मग तोडणारी टोळी आली. टोळीचा मुकादम कुऱ्हाड खांद्यावर टाकून उभा राहिला आणि त्याने परवाना काढला. परवान्यात झाडाच्या नावाची जागा रिकामी होती.

“नाव काय लिहू?” मुकादमाने विचारलं. “आम्ही नावाशिवाय तोडत नाही. मागे एकदा भलतंच तोडलं होतं.”

अधीक्षकांच्या डोक्यात त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच काहीतरी थंडगार शिरलं. ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले की नाव शास्त्रीयच हवं. त्यासाठी वनस्पतिशास्त्र संस्थेचा अभिप्राय घ्यावा लागेल, आणि नियमाप्रमाणे तो एकमताचा असावा लागेल.

मुकादमाने टोळीला बसायला सांगितलं. टोळी अजून बसलेली आहे.

फोडेसर म्हणाले की रोप आणि झाड या दोन वेगळ्या जाती आहेत, रोपाच्या पानाला लव नाही. जोडेबाई म्हणाल्या की रोप आणि झाड एकच आहेत, तेव्हा रोप ठेवून झाड तोडणं अशास्त्रीय आहे, एकतर दोन्ही ठेवा किंवा दोन्ही तोडा. यंत्रवाला मुलगा म्हणाला की तोडायचंच असेल तर वेलीच्या नियमाने तोडा, म्हणजे मुळापासून उपटून गुंडाळून ठेवा. त्याने मुकादमाला उपटण्याची कृतीही लिहून दिली. मुकादमाने ती वाचली, वर झाडाकडे पाहिलं आणि चिलीम पेटवली.

अधीक्षक आता संस्थेत वरचेवर जातात. ज्या मतभेदाने त्यांचं वाटोळं करत आणलं होतं, तो आता तान्ह्या मुलासारखा जपावा लागतो. वाद थोडा निवतोय असं दिसलं की ते झाडाचं एखादं वेगळ्या आकाराचं पान नेऊन दोन टेबलांच्या मधल्या कपाटावर ठेवतात आणि म्हणतात, “सहज सापडलं, सर. बाई, तुम्हीही बघून घ्या.” मग खाली उतरताना जिन्यात त्यांना वरच्या मजल्यावरचे आवाज ऐकू येतात आणि त्यांच्या जिवाला गार वाटतं.

पाणीही आलं. टँकर रोज सकाळी येतो आणि गुडघ्याएवढ्या रोपाला अख्खा टँकर पाणी घालून जातो. रोप पहिल्या आठवड्यातच कुजून मेलं. पण नोंदीत ते जिवंत आहे, त्यामुळे पाणी बंद करण्याचं कारण नाही. बुंध्याशी ओतलेलं पाणी मुळं शोधून काढतातच. नोंदीत मेलेलं झाड नोंदीत जिवंत असलेल्या रोपाचं पाणी पिऊन चांगलं तरारलं. नवी पालवी फुटली, सावली पुन्हा दाट झाली. सासूबाईंनी खुर्ची बुंध्यापासून लांब ओढली. पुढच्या खोलीचा पडदा अर्धवट शिवलेला आहे.

एवढं सगळं मार्गी लागल्यावर उद्यान खात्याने एक छोटा समारंभ ठेवला. शास्त्रीय नावाची नवी पाटी रोपाजवळ बसवायची होती. चौकशी समितीचे अध्यक्ष आले, कारकून इस्त्रीचे कपडे घालून आला, फोडेसर आणि जोडेबाई एका छत्रीखालून आले, यंत्रवाला मुलगा यंत्र घेऊन आला. पाटीवरचा कपडा बाजूला झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाटीचे फोटो काढले. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. झाड त्या दिवसांत अंगभर फुललेलं होतं. अध्यक्षांच्या भाषणाच्या कागदावर वरून काहीतरी टपटप पडत होतं. ते कागद झटकत आणि पुढे वाचत.

भाषण संपल्यावर सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, “एवढे सगळे शिकलेले जमलात, तर एक सांगा. या झाडाचं फूल कोणत्या रंगाचं असतं?”

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, असा रकाना नाही. यंत्रवाला मुलगा म्हणाला की यंत्राला रंग लागत नाही. जोडेबाई आणि फोडेसर एकदमच म्हणाले की कपाटातलं फूल तपकिरी आहे, वाळल्यावर सगळीच तपकिरी होतात. त्यांचं कुठल्या गोष्टीवर एकमत झालेलं अधीक्षकांनी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. मग सासूबाईंनी त्यांच्याकडे मान वळवली, आणि इतकी वर्षं या झाडाच्या सावलीत संसार केलेल्या अधीक्षकांच्या लक्षात आलं की आपल्यालाही सांगता येणार नाही. सगळे तिथेच उभे होते, नुसती मान वर करायची होती. पण आता वर पाहणं म्हणजे माहीत नव्हतं हे कबूल करणं, म्हणून सगळे पाटीकडे पाहत राहिले.

तुम्ही हसत असाल. हसा. पण गोष्ट सुरू झाल्यापासून झाडाचं नाव तीनदा बदललं, कुळ बदललं, ते मेलं आणि जगलं, हे सगळं तुम्ही मन लावून वाचलंत. पाटीवर नेमकं कोणतं नाव होतं हे मी सांगितलं नाही, म्हणून मनात थोडे खट्टूही झाला असाल. फुलाबद्दल एकदा तरी विचारलंत?